इन-इअरला ३० हजार घालावेत का?

प्रश्न विचारणारे मूळचे देवगड तालुक्यातले, नोकरीला पनवेलला. सध्या हजार-बाराशेचे इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, वापरतात. ऐकणं मुख्यतः डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजनं आणि नाट्यसंगीत, तेही बहुतेक वेळा गावाला जाता-येता गाडीत. गावच्या भजन मंडळात स्वतः झांज वाजवतात. मित्राचे ३० हजारांचे इन-इअर पाच मिनिटं कानाला लावले आणि तेव्हापासून स्वतःचे बेचव वाटायला लागले. हातात बोनस आहे, गणपतीआधी घ्यायचा विचार आहे. खरंच तेवढा फरक पडतो का, असं ते विचारतात.

फरक पडतो, पण ३० हजारांचा पडत नाही. दोन ते पाच हजारांत आज जे मिळतं ते दहा वर्षांपूर्वी मिळत नव्हतं. त्याच्या वर पैसे घालायचे तर कशासाठी, हे नक्की माहीत असायला हवं. तुमच्या प्रश्नात तसं कारण मला दिसत नाही.

मी सिंधुदुर्गात साउंडचं काम करतो. भजन, दशावतार, ऑर्केस्ट्रा, जे येईल ते. पावसात सुपाऱ्या थंडावल्या की दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. त्यामुळे इअरफोन कानात घालूनही बघतो आणि उघडूनही.

आधी त्या पाच मिनिटांबद्दल. दोन इअरफोनांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा, तो कानाला चांगला वाटतो. मोठा आहे हे लक्षातसुद्धा येत नाही, नुसता भरीव आणि मोकळा वाटतो. एक-दोन डेसिबल पुरतात. मित्राचा इअरफोन फोनच्या आवाजाच्या तेवढ्याच पट्टीवर तुमच्यापेक्षा मोठा वाजत असेल, तर तिथेच तुमचा निकाल लागला. त्यात किंमत आधीच कानावर पडलेली. माझ्याकडे कोणी अशी तुलना करायला आलं की मी गाणं लावत नाही, आधी निवेदकाचं बोलणं लावतो. माणूस बोलताना किती मोठा वाटायला हवा हे कानाला पक्कं ठाऊक असतं. दोन्हींत ते सारखं ऐकू येईपर्यंत आवाज खालीवर करायचा, दोन्ही पट्ट्या लक्षात ठेवायच्या आणि मग भजन लावायचं. जमल्यास इअरफोन दुसऱ्याने हातात द्यावा, आपण नाव बघू नये. एवढं केलं की निम्मी मोहिनी उतरते. सगळी उतरत नाही, हेही सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती इअरफोनमध्ये नाहीच. ती कानाच्या तोंडाशी आहे.

कणकवलीकडचे एक पखवाजवाले नवेकोरे महागडे इन-इअर घेऊन माझ्याकडे आले. आपल्याच बारीचं रेकॉर्डिंग लावलं होतं आणि चिडून म्हणाले, ‘ह्यो माझो पखवाज नाय.’ ऐकलं तर खरंच, शाईची बाजू टणटण वाजत होती आणि कणीक लावलेली डावी पुडी जवळजवळ गायब. इअरफोनला काहीही झालं नव्हतं. डब्यातून येताना मधल्या मापाचं रबर लावलेलं असतं. यांच्या डाव्या कानाला ते चालत होतं, उजव्याला एक माप मोठं लागत होतं. रबर बदललं आणि डाव्या पुडीचा घुमारा जागेवर आला. दोन्ही कानांची मापं सारखी नसणं अगदी नेहमीचं आहे, पण दोन बाजूंना दोन मापांची रबरं लावायची कल्पना फार थोड्यांना सुचते.

कारण सोपं आहे. इन-इअरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, इवलासा असतो, पाच-दहा मिलिमीटरचा. एवढ्याशा पडद्याने खोल आवाज निघतो तो केवळ कानाच्या नळीतली बंद हवा दाबून. त्या बंद हवेला बारीकशी जरी फट मिळाली तरी दाब निसटतो आणि आधी जातो तो खर्ज. वरचे सूर तसेच राहतात, म्हणून माणसाला वाटतं की इअरफोन कर्कश आहे. मग तो दुसरा घेतो, त्यालाही तेच मधलं रबर असतं.

तपासायचं कसं? भजन चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. पखवाज एकदम वाढला तर फट आहे. दुसरं, कानात घालून तोंड मिटून हुंकार द्या. बूच नीट बसलं असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. एका बाजूला घुमला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर त्या बाजूचं रबर बदला. तोंड उघडमीट करूनही बघा, जबडा हलला की काहींच्या कानाची नळी रुंदावते. ३० हजारांचा विचार करण्याआधी तुमच्या बाराशेच्या इअरफोनवर हे करा. त्याची रबरं कडक झाली असतील तर दोन-तीनशे रुपयांत नवी जोडी मिळते.

आता पैसे जातात कुठे, ते बघू. जाहिरातीत ड्रायव्हरची संख्या ठळक छापलेली असते, एका कानाला चार, आठ, बारा. सेनहायझरचा २०२१ साली आलेला आयई ९०० लाखाच्या आसपासचा, आणि त्यात एका बाजूला एकच ७ मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे. उलट केझेड या चिनी कंपनीच्या एएस १६ मध्ये एका कानाला आठ आर्मेचर, आणि तो दहा हजारांच्या आतला. हे बॅलन्स्ड आर्मेचर म्हणजे मूळचे श्रवणयंत्रातले बारके ड्रायव्हर. त्यांचं बारीक काम सुरेख असतं, पण आठ जणांकडून एकसुरात गाऊन घेणं हे वेगळं कसब आहे. तुम्ही देवगडचे, पेटीवरच्या छापावरून आंबा घेत नाही, तसं ड्रायव्हर मोजून इअरफोन घेऊ नका.

खरं ठरवतं ते ट्यूनिंग, म्हणजे कुठला सूर किती वर आणि कुठला किती खाली. उघड्या कानाने आपण ऐकतो तेव्हा कानाची पाळी आणि नळी मिळून तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप उचलतात. इन-इअर पाळीला वगळून थेट नळीत बसतो, म्हणून ती उचल बनवणाऱ्याने त्यात घालावी लागते. कमी घातली तर बुवांचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटतो, जास्त घातली तर पेटी टोचते. ही उचल नेमकी किती असावी यावर हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं चाचण्या घेतल्या, ऐकणाऱ्याला इअरफोन कुठला हे कळू न देता. बहुतेकांची पसंती बऱ्यापैकी एकाच घाटाच्या आवाजाकडे झुकली. तो घाट आता सगळ्यांना माहीत आहे आणि मूनड्रॉप, सेव्हन हर्ट्झ, ट्रूथिअर यांसारख्या कंपन्या दीड-दोन हजारांच्या मालातही तो बऱ्यापैकी साधतात. जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजणी करून किंमत आणि आवाजाचा घाट यांचा मेळ तपासला. मेळ लागला नाही. महाग म्हणजे नीट ट्यून केलेला, असं त्या आकड्यांतून काही निघालं नाही.

मग महागाचं काहीच नाही का? आहे. झांजेवरून सांगतो, कारण तुम्ही ती वाजवता आणि मीही इअरफोन तिच्यावरच पारखतो. पुष्कळ स्वस्त इअरफोनांत आठ हजार हर्ट्झच्या आसपास एक सुळका असतो, तिथे झांज नुसती ‘च्छ’ करून कानात घुसते आणि दहा मिनिटांत माणूस आवाज कमी करतो. नीट ट्यून केलेल्यात आधी धातूची धडक ऐकू येते, मग घुमणारी लांबट कड. आणखी वरच्या दर्जात ती कड पेटीच्या सुराखालीही पुसली जात नाही, दोन झांजांचे सूर जरासे वेगळे असतील तर त्यांची लहर वेगळी कळते. कोरसमध्ये डावीकडचा कोण, उजवीकडचा कोण, हे जास्त सुटं होतं. ही सफाई खरी आहे. पण बाराशेवरून तीन हजारांवर जाताना जेवढी मिळते, तेवढी तीनावरून तीसवर जाताना मिळत नाही. वरचे २७ हजार धातूच्या कवचात, दोन बाजू जुळवून घेण्यात, डब्यात, नावात आणि त्या शेवटच्या थोड्याशा सफाईत जातात. (चांदीच्या केबलबद्दल विचारू नका. केबल तुटू नये आणि कपड्याला घासून खरखरू नये, बास.)

आणि ती सफाई वापरायला समोरचं रेकॉर्डिंग तसं हवं. डबलबारीची भजनं तुम्ही यूट्यूबवर ऐकत असणार. त्यातली पुष्कळशी आमच्यासारख्यांच्या मिक्सरमधून थेट कॅमेऱ्यात गेलेली किंवा मंडपातल्या मोबाईलवर घेतलेली. बारी रंगात आली, गजर सुरू झाला की मिक्सरचा लाल दिवा विझत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये लाटांचे शेंडे कापले जातात. ते कापलेलं कुठलाही इअरफोन परत जोडून देत नाही. महागडा इअरफोन उलट ते स्पष्ट दाखवतो. बुवा आलाप घेतायत आणि मागे जनरेटरची घरघर, माइकच्या स्टँडला कुणाचा तरी पाय लागला, वायरीतून ५० हर्ट्झचा गुंजारव. मला ते ऐकावंच लागतं, माझं काम आहे. तुम्ही २९ हजार जास्त देऊन जनरेटर कशाला ऐकता? नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचं दुखणं वेगळं, तिथे वरचे सूर मुळातच टिपलेले नाहीत. ती मधल्या पट्टीत गोड असलेल्या साध्या इअरफोनवर जास्त छान वाटतात.

तुमचं ऐकणं गाडीत. पनवेलहून रात्रीची गाडी धरलीत आणि स्लीपरला असाल, खिडक्या उघड्या, तर रत्नागिरीजवळच्या करबुडेच्या बोगद्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, त्या वेळात आपण नकळत आवाज दोन-तीन पायऱ्या चढवतो आणि बाहेर आल्यावर खाली आणायला विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, पण ९० वर गेलात की तेच ४ तासांवर येतं. म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीत आठवड्याचा कोटा संपला. इथे पुन्हा रबरच कामाला येतं. नीट बसलेलं इन-इअर बाहेरचा आवाज बराच रोखतं, विशेषतः बोलण्याचा आणि रुळांचा खणखणाट. डब्याची खालची एकसारखी घरघर मात्र आत शिरते, आणि तेवढ्यापुरतं एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खोडणारी सोय, चांगलं, कारण ते नेमकं खालच्या, सतत चालणाऱ्या आवाजावर चालतं. तुम्हाला वायर नकोच असेल तर चार-सहा हजारांतलं एएनसीवालं घ्या. २५-३० हजारांचं बिनवायरीचं घेताना एक लक्षात ठेवा, त्यातली बॅटरी नखाएवढी असते, दोन-तीन वर्षांत दमते आणि सहसा बदलता येत नाही. कवच डिंकाने चिकटवलेलं असतं, मी ते उघडतो तेव्हा बहुधा फोडतोच. वायरचा चांगला इअरफोन जपला तर दहा वर्षं वाजतो.

अर्थात किनाऱ्यावर ‘जपला तर’ या दोन शब्दांतच सगळं आलं.

इथली हवा खारी आणि जून ते सप्टेंबर ओली. टेबलावर येणाऱ्या इअरफोनांत बिघडलेला ड्रायव्हर क्वचित असतो. जास्त करून तीनच तक्रारी. एका बाजूचा आवाज गेला, तो बहुतेक वेळा गेलेला नसतो, तोंडावरच्या बारीक जाळीत मळ आणि ओल बसलेली असते. कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली करून साफ करायचं, सुई घालायची नाही. दुसरं, हलवलं की खरखर, म्हणजे पिनेवर किंवा जोडावर गंज. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली कापसाची काडी फिरवली की पुष्कळदा भागतं. तिसरं, पारदर्शक केबल आतून हिरवी पडते, ते तांबं घामाने आणि खाऱ्या हवेने खाल्लेलं. म्हणून आमच्याकडे एकच आग्रह धरा: केबल सुटी होणारी हवी. चारशे-पाचशेत नवी लागते आणि इअरफोन वाचतो. सुट्या केबलमध्येही गोल फिरणारा एमएमसीएक्सचा जोड इथे लवकर सैल पडतो असा माझा अनुभव आहे, दोन पिनांचा बरा. डब्यावर पाण्यापासून बचावाची खूण म्हणून आयपीएक्स ४ वगैरे लिहिलेलं असतं, ती चाचणी गोड्या पाण्याची असते. घाम आणि समुद्राचा वारा त्यात धरलेला नाही.

ठेवायचं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह. तांदळात पुरू नका, जाळीत पीठ जातं. फोमची रबरं मुंबईतल्या एसी ऑफिसात छान असतील, पण श्रावणात गावी ती ओल धरून बसतात आणि वास मारतात. आपल्या हवेत कानात बुरशी होणं नवं नाही, आणि ओला फोम तासन्‌तास कानात ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण. सिलिकॉनची वापरा, आठवड्यातून साबणाने धुवा, पूर्ण वाळल्यावर लावा. कान खाजायला लागला तर इअरफोन बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांकडे जा, तेल ओतू नका.

पैसे घालण्यासारखे माझ्या मते कोणाला, तेही सांगतो. ज्याला स्टेजवर रोज इन-इअर घालून गायचं-वाजवायचं आहे, त्याला. ही वस्तू नावारूपाला आली ती तिथेच. व्हॅन हेलन बँडच्या साउंडवाल्याने, जेरी हार्वेने, ड्रमरला स्टेजच्या गदारोळात स्वतःचं ऐकू यावं म्हणून तसे इन-इअर बनवले आणि १९९५ साली त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. ऑर्केस्ट्राचा ड्रमर किंवा कीबोर्डवाला आठवड्याला तीन-चार रात्री वाजवत असेल, तर श्रवणयंत्रवाल्याकडे कानाचा साचा देऊन बनवून घेतलेले इन-इअर त्याला ३० हजारांत स्वस्त आहेत. मॉनिटर स्पीकर कमी होतो, शिट्टी कमी होते, कान वाचतात. साच्यावरचा इअरफोन मात्र दुसऱ्याला विकता येत नाही, तुमच्या कानाचा साचा दुसऱ्याच्या काय कामाचा. घरी ऐकण्यासाठी मी तो कोणालाच सुचवत नाही.

आणि हौस म्हणून घ्यायचा असेल तर घ्या, बोनस तुमचा आहे. फक्त ‘आवाजासाठी घेतला’ असं घरी सांगू नका. घेताना बिल आणि वॉरंटी इथली असल्याची खात्री करा. बाहेरून मागवलेला माल बिघडला की तो परत पाठवण्याचा खर्चच जीवावर येतो.

माझा हिशेब असा. दोन-तीन हजारांचे, दोन पिनांची सुटी केबल असलेले इन-इअर. फोनला ३.५ मिलिमीटरचं भोक नसेल तर हजाराच्या आसपासचा टाइप-सी डोंगल, म्हणजे वायर जोडायचा छोटा तुकडा. त्याहून भारी डॅक (फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) या इअरफोनांना लागत नाही. सिलिकॉनच्या रबरांची निरनिराळ्या मापांची एक पुडी. हे सगळं पाच हजारांच्या आत बसतं.

उरलेल्यांतून मंडळासाठी हातात मावणारा एक रेकॉर्डर घ्या, दहा-बारा हजारांत चांगला येतो. तुम्ही इअरफोनमधून जे शोधताय ते तिथे सापडेल. गणपतीत भजनाला बसाल तेव्हा तो स्पीकरसमोर ठेवू नका. बुवांच्या पेटीपासून तीन-चार हातांवर, स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला ठेवा. तुमची झांज त्याच्या अगदी समोर येऊ देऊ नका, बाजूला सरकून बसा. आणि पातळी भजनाच्या सुरुवातीला लावू नका, मंडळींना आधी एकदा पूर्ण जोरात गजर करायला सांगा आणि रेकॉर्डरचा काटा तेव्हा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. सुरुवातीचा आलाप थोडा हळू येईल, तो नंतर वाढवता येतो.